सापाच्या टेरॅरियमसाठी जिवंत झाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेरॅरियममध्ये, म्हणजे साप ठेवायच्या काचपेटीत, खरी झाडं लावायची म्हटलं की पहिली शंका येते ती विषाची. शंका रास्त आहे. पण इतकी वर्षं साप आणि झाडं एकत्र सांभाळल्यावर मी एक गोष्ट ठामपणे सांगू शकते: पानातल्या विषापेक्षा झाडासोबत येणारी माती, खत आणि फवारणी यांचीच काळजी जास्त करायला हवी. आणि झाडं मरतात ती बहुतेक वेळा अंधाराने, नाहीतर सापाच्या वजनाने. खालची सगळी उत्तरं बंदिवासात जन्मलेल्या, कायदेशीररीत्या घेतलेल्या बिनविषारी किंवा नगण्य विषाच्या सापांबद्दल आहेत.

साप झाडं खात नाही. मग झाड विषारी आहे की नाही हे बघायचंच कशाला?

साप पूर्ण मांसाहारी आहे. त्याचे दात मागे वळलेले असतात, भक्ष्य धरून ठेवण्यासाठी. चघळायला ते उपयोगाचे नाहीत. त्यामुळे कंटाळा आला म्हणून पान कुरतडलं, असं कासव किंवा इग्वाना करेल, साप करणार नाही. एवढ्यापुरतं निश्चिंत राहा.

तरी त्रास पोहोचायच्या तीन वाटा उरतात. पहिली चिकाची. फांदी मोडली, दुधासारखा चीक आला आणि साप त्यावर तोंड घासत गेला तर ओठांना, नाकपुड्यांना आणि अजगरांच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या ज्या खाचा असतात त्यांना जळजळ होऊ शकते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर फक्त एक पारदर्शक खवला असतो. तो डोळा मिटून घेऊ शकत नाही. दुसरी वाट काट्यांची. तिसरी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: काही साप कीटक खातात, उदाहरणार्थ रफ ग्रीन स्नेक. सोडलेला नाकतोडा रात्रभर टेरॅरियममधली पानं खातो आणि सकाळी साप त्या नाकतोड्याला खातो. अशा सापासाठी मात्र झाड खाण्याच्या दृष्टीनेही निर्धोक हवं.

कुत्र्या-मांजरांसाठी विषारी झाडांच्या याद्या मिळतात. त्या सापाला लागू होतात का?

अंदाज घ्यायला बऱ्या, पण त्यांच्यावरच विसंबू नका. त्या याद्या पानं चावणाऱ्या सस्तन प्राण्यांचा विचार करून केलेल्या असतात. तिथे विषारी म्हटलेली कितीतरी झाडं सापाजवळ वर्षानुवर्षं सुखाने वाढतात. उलट त्या यादीत सुरक्षित ठरलेलं एखादं काटेरी झाड सापाची कातडी फाडू शकतं.

मनी प्लांट चालतो का?

चालतो, आणि पहिलं झाड कुठलं लावू असं विचारलंत तर मी हेच सांगेन. मनी प्लांटच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं तरच ते तोंडात टोचतात. साप पान चावत नाही, फक्त त्यावरून सरकतो, म्हणून सापांच्या टेरॅरियममध्ये तो सर्रास वापरतात. कमी उजेडात तग धरतो, दमट हवेत जोमाने वाढतो, एक वेल चिरडली तर दुसऱ्या डोळ्यातून फुटतो. कीटक खाणारा साप असेल तर मात्र त्याऐवजी स्पायडर प्लांट किंवा बॉस्टन फर्न घ्या.

माझी कॉर्न स्नेक दिवसाचा बराच वेळ मनी प्लांटच्या जाळीत असते. वेल आडव्या फांदीवर चढवलेला आहे. ती त्यात शिरली की आधी पानं एकामागून एक हलतात, मग थांबतात, आणि नीट पाहिलं तर दोन पानांच्या मधून फक्त नाकाचं टोक आणि आतबाहेर होणारी जीभ दिसते. पूर्वी हीच सापीण काचपेटीला हात लागला तरी बिळात पळायची. आडोसा मिळाल्यावर ती उघड्यावर थांबायला लागली. झाड लावायचं ते यासाठी.

मग कुठली झाडं अजिबात नकोत?

जहाल दुधी चीक असलेली सगळी: शेर, काटेरी युफोर्बिया, ख्रिस्ताचा काटा, अडेनियम, रुई. कण्हेर, धोतरा, एरंड आणि गुंज ही तर जवळही आणू नका. ही घरात हाताळणाऱ्या माणसालाही धोक्याची आहेत. डिफेनबेकियात मनी प्लांटसारखेच स्फटिक असतात, पण त्याचा रस बराच जहाल असतो आणि त्याचं जाड खोड सापाच्या वजनाने सहज मोडतं. इतके पर्याय असताना तो हवाच कशाला?

निवडुंगाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण वाळवंटी सापाच्या पेटीत तो शोभतो असं लोकांना वाटतं. फड्या निवडुंगाचे मोठे काटे दिसतात तरी. पण प्रत्येक काट्याच्या बुडाशी केसांसारख्या बारीक कुसळांचा झुबका असतो, तो लागताच सुटून येतो. ती कुसळं पोटाच्या खवल्यांमध्ये घुसली तर बाहेर काढणं जवळजवळ अशक्य. अगेव्हीचं टोकही तितकंच वाईट.

निवड कुठून सुरू करायची?

सापापासून. आधी झाड आवडतं, मग साप त्यात बसवायचा प्रयत्न होतो, आणि तिथेच चुकतं. कागद घ्या आणि आपल्या सापाबद्दल चार गोष्टी लिहा: त्याला हवा किती दमट लागते, मोठा झाल्यावर वजन किती होणार, तो जमिनीवर राहतो की फांद्यांवर की मातीत, आणि फिरतो केव्हा.

हवा दोघांची जुळलीच पाहिजे. दमट पेटीच्या सतत ओल्या मातीत कोरफड कुजते आणि कोरड्या हवेत नेचे वाळतात. झाड जगवायला आर्द्रता वाढवली आणि साप कोरड्या प्रदेशातला असेल तर पोटाचे खवले कुजतात, श्वसनाचा संसर्ग होतो. हा सौदा कधीच करू नका. झाड बदला.

वजनाचं गणित लोक विसरतात. पिल्लू पन्नास-साठ ग्रॅमचं असताना पेटी सुंदर दिसते. पण बॉल पायथन या छोट्या अजगराची पूर्ण वाढलेली मादी दीड-दोन किलोची सहज होते, आणि ती जिथे विसावते तिथल्या मऊ देठांचा चेंदा होतो. मोठ्या सापासाठी झाड असं हवं की एकतर ते चिवट, तंतुमय पानांचं असेल, नाहीतर मोडल्यावर झपाट्याने फुटणारं असेल. बाकीच्या नाजूक झाडांना जागा मिळते ती वर, भिंतीवर किंवा उंच खोबणीत.

बॉल पायथनसाठी कुठली झाडं?

स्नेक प्लांट. योगायोग म्हणजे दोघांचं मूळ स्थान पश्चिम आफ्रिकेकडचंच. हे झाड पूर्वी सॅन्सेव्हिएरिया म्हणून ओळखलं जायचं, आता ते ड्रॅसिना वंशात गणलं जातं. दुकानात अजून दोन्ही नावं चालतात. पानं ताठ, तंतुमय, रबरासारखी. अजगर टेकला तरी वाकतात, मोडत नाहीत. फक्त त्याच्या मुळ्या पाण्यात उभ्या राहता कामा नयेत. उंच जात घेऊन तीन-चार रोपं मागच्या बाजूला रांगेने लावलीत तर त्यांच्यामागे सापाला लपायला छान पट्टा तयार होतो.

जोडीला कास्ट आयर्न प्लांट आणि भिंतीवर चढणारा मनी प्लांट. झेडझेड प्लांटही चिवट आहे, पण त्याच्या लांब दांड्या मोठ्या सापाखाली मोडतात. तो लावलात तर कोपऱ्यात, दगडाच्या आडोशाला लावा.

आणि कॉर्न स्नेकसाठी?

इथे निवड खूपच मोकळी आहे. कॉर्न स्नेक सडपातळ, साधारण एक ते दीड मीटरचा, चढायला आवडणारा आणि मध्यम आर्द्रतेत राहणारा. मनी प्लांट, स्पायडर प्लांट, होया, सिंगोनियम, हार्टलीफ फिलोडेंड्रॉन, पेपेरोमिया यांपैकी काहीही. भिंत हिरवी करायची असेल तर फायकस प्युमिला. त्यालाही कापल्यावर थोडा चीक येतो, म्हणून छाटणी साप बाहेर काढून करा आणि कापलेली टोकं पुसून सुकू द्या. एक लक्षात ठेवा, कॉर्न स्नेकला माती उकरून आत शिरायला आवडतं, तेव्हा नवीन रोपाच्या बुंध्याभोवती चपटे दगड हवेतच.

माझा साप सतत फांद्यांवर असतो. त्याला झाडाचा आधार पुरेल का?

नाही. ग्रीन ट्री पायथन असो की एमराल्ड ट्री बोआ, वजन पेलायला खऱ्या लाकडाच्या, पक्क्या अडकवलेल्या आडव्या फांद्याच लागतात. झाडाचं काम सावली आणि पडदा. फांद्यांच्या आजूबाजूला वेल सोडा, खोबणीत बर्ड्स नेस्ट फर्न किंवा ब्रोमेलियाड बसवा. ब्रोमेलियाड घेताना पानाच्या कडेवरून बोट उलटसुलट फिरवून बघा. काही जातींच्या कडा करवतीसारख्या असतात, त्या नकोत. गुळगुळीत कडांच्या जाती मिळतात. त्यांच्या मधल्या पेल्यात पाणी साठतं आणि बरेच वृक्षवासी साप तिथूनच पाणी पितात, म्हणून ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला.

सँड बोआ, हॉगनोज यांच्यासारख्या कोरड्या हवेतल्या सापांचं काय?

हॉवर्थिया, गॅस्टेरिया, छोटी कोरफड. कोरफडीच्या कडेचे दात मऊ आहेत का ते बघून घ्या. मातीत राहणाऱ्या सापाच्या पेटीत मी झाड कधीच थेट मातीत लावत नाही, जड मातीच्या कुंडीत लावते आणि कुंडी तळाला टेकवते. पाणी फक्त कुंडीत पडतं, बाकी रेताड माती कोरडी राहते. दोन कुंड्या पुरेत. या सापांना झाडापेक्षा खोल माती जास्त प्यारी.

माझा साप प्रत्येक झाड उपटून टाकतो. त्याला झाडं आवडत नाहीत का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि मीही एकेकाळी हाच निष्कर्ष काढला होता. माझ्या बॉल पायथनच्या पेटीत कोपऱ्यात एक बॉस्टन फर्न होतं. तीन वेळा लावलं, तिन्ही वेळा सकाळी आडवं. चौथ्या वेळी रात्री दिवे घालवून, लांब बसून बघायचं ठरवलं.

साडेनऊच्या सुमाराला ती गुहेतून बाहेर आली. मधून न येता काचेच्या कडेकडेने, हनुवटी मातीला टेकवून. कोपऱ्याशी आली तेव्हा डोकं फर्न आणि काच यांच्या फटीतून अलगद गेलं. मान गेली. मग शरीराचा मधला जाड भाग त्या फटीत आला आणि तिथे तो मावेना. ती थांबली नाही, घाईही केली नाही. नुसती पुढे सरकत राहिली आणि फर्न हळूहळू कलत कलत, मुळांशी माती फुटत, आडवं झालं. पलीकडे पाण्याचं भांडं होतं. ती पाणी प्यायला चालली होती.

झाडावर तिचा काही राग नव्हता. मी झाड तिच्या रस्त्यात लावलं होतं. साप उघड्यावरून जाण्यापेक्षा एका बाजूला भिंत ठेवून चालतो, त्यामुळे पेटीच्या कडेने त्याचा रोजचा रस्ता असतो. आठवडाभर मातीवरच्या खुणा बघा, गुळगुळीत दाबलेला पट्टा स्पष्ट दिसतो. तो पट्टा मोकळा सोडा. मी फर्न वीतभर आत घेतलं, भोवती दगड लावले आणि ते आजही उभं आहे. तिचा रस्ता आता त्याच्या मागून, सावलीतून जातो.

दगडांबद्दल एक सूचना, आणि ती गांभीर्याने घ्या. मोठा दगड नेहमी पेटीच्या तळावर किंवा पक्क्या आधारावर टेकलेला हवा. मातीवर नुसता ठेवलेला दगड खालून साप उकरत गेला की खचतो आणि साप त्याखाली चिरडला जातो.

नर्सरीतून आणलेलं झाड धुऊन लगेच लावलं तर?

लावू नका. पानं धुतल्याने वरची धूळ जाते. मुळांतून शोषलेलं कीटकनाशक जात नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाडाच्या रसात भिनतात आणि आठवडे, कधी महिने टिकतात. एकदा एका नर्सरीतून मी टवटवीत सिंगोनियम आणलं, पानं स्वच्छ धुतली, आणि मुळांची माती तशीच ठेवून पेटीत लावलं. पाचव्या-सहाव्या दिवशी पालापाचोळा उचलला तर पेटी साफ ठेवायला मातीत सोडलेले पिलबग नावाचे बारीक जीव उलटे पडलेले, पाय आखडलेले, एकही हलत नव्हता. विचारल्यावर कळलं की तिथे सगळ्याच रोपांना मुळाशी औषध देतात. सापाला सुदैवाने काही झालं नाही, पण त्याच संध्याकाळी त्याला दुसरीकडे हलवून मी सगळी माती टाकून दिली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. झाड कुंडीतून काढायचं, जुनी माती झाडून टाकायची, मुळं कोमट पाण्याखाली धरून पूर्ण उघडी करायची. पर्लाइटचे पांढरे दाणे आणि खताच्या पिवळ्या-हिरव्या गोळ्या बोटांनी वेचून काढायच्या. त्या गोळ्या महिनोन्महिने खत सोडत राहतात. पानांच्या खालच्या बाजूला मावा, पिठ्या ढेकूण, गोगलगाईची अंडी बघायची. मग आपल्या बिनखताच्या मातीत लावून किमान सहा आठवडे वेगळं ठेवायचं. पानांना चकाकी देणारा फवारा मारलेला असेल तर ओल्या फडक्याने प्रत्येक पान पुसायचं.

याहून चांगला मार्ग म्हणजे फांदी. कुणाच्या घरी दोन-तीन वर्षं वाढलेला, कधी औषध न मारलेला मनी प्लांट किंवा सिंगोनियम असेल तर त्याची चार कांडी मागून आणा, पाण्यात मुळं फुटू द्या आणि लावा. ना जुनी माती, ना खत, ना किडे. माझ्या पेट्यांतली निम्मी झाडं अशीच आलेली आहेत.

माती कुठली आणि किती खोल?

बिनखताची साधी माती, जाड वाळू आणि कोकोपीट, वर वाळलेल्या पानांचा थर. दमट पेटीत तळाला भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा तीन-चार सेंटीमीटर थर आणि त्यावर जाळी, म्हणजे जास्तीचं पाणी खाली उतरतं आणि मुळं कुजत नाहीत. देवदाराचा भुसा कुठेही नको, त्यातली तेलं सापांना घातक असतात.

खोली दहा ते पंधरा सेंटीमीटर. पण आधी वजन मोजा. १२० बाय ६० सेंटीमीटरच्या पेटीत १५ सेंटीमीटर माती म्हणजे १०८ लिटर, आणि ती ओली झाली की शंभर किलोच्या पुढे सहज जाते. टेबल तेवढं सोसेल का?

कुंडीसकट ठेवलं तर चालेल का?

अगदी चालेल. कुंडी मातीत कडेपर्यंत पुरा आणि वर दगड लावा. झाड बिघडलं तर उचलून दुसरं ठेवता येतं, साप मुळं उकरत नाही. एकच पाहा: कुंडीच्या तळाचं छिद्र इतकं मोठं नको की पिल्लू त्यात डोकं घालून अडकेल.

दिवा कुठला लावायचा?

खोलीतला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, झाडाला तो उपाशी ठेवतो. उष्णतेच्या दिव्याचा तांबूस प्रकाश आणि यूव्हीबी (अतिनील) किरणांची नळी, दोन्ही झाडासाठी पुरेसे नाहीत. वेगळा पांढरा एलईडी लावा, साधारण ६५०० केल्विनचा, पेटीच्या लांबीइतका, रोज बारा तास, टायमरवर. वर जाळीचं झाकण असेल तर प्रकाशाचा बराच भाग जाळीच खाते, तेव्हा दिवा थोडा जोरकस घ्या. देठ लांबट होऊन पानं लहान आणि विरळ यायला लागली की समजा उजेड कमी पडतोय.

इतका उजेड सापाला सोसेल का, असा प्रश्न येतो. सावली असेल तर सोसेल. म्हणून एलईडी सुरू करण्याआधी दाट आडोसा तयार हवा. गुलाबी डोळ्यांच्या अल्बिनो सापांना प्रखर प्रकाश फार खुपतो. त्यांच्या पेटीत रुंद पानांची झाडं पुढे आणि मध्ये लावा, दिवा मागच्या अर्ध्या भागावर ठेवा. रात्री मात्र पूर्ण अंधार, लाल-निळे दिवेही नकोत.

गरम बाजूची झाडं करपतात.

करपणारच. साप शेकतो तिथे पृष्ठभागाचं तापमान ३२ अंशांच्या आसपास असतं आणि दिव्याजवळ वर त्याहून बरंच जास्त. पानाच्या जागी हात धरून बघा. मिनिटभरात चटका जाणवला तर पानही जळेल. गरम टोकाला दगड, लाकूड आणि फारतर एखादा स्नेक प्लांट, बाकी झाडं मधल्या आणि थंड बाजूला. खालून गरम करणारा पॅड असेल तर त्याच्या वर झाड लावूच नका, मुळं भाजतात. शिवाय खोल मातीखालचा पॅड उष्णता कोंडून धोकादायकरीत्या तापतो. झाडांच्या पेटीला उष्णता वरून द्या, थर्मोस्टॅट लावून.

पाणी किती घालायचं?

पाणी मुळाशी ओता, हवेत फवारत बसू नका. वरची माती कोरडीशी आणि खालची ओलसर, हे ध्येय. वरचा थर सतत चिकट ओला राहिला तर झाडं छान दिसतील आणि सापाच्या पोटावर तपकिरी डाग उमटतील. बोट दोन पेरं आत घालून बघायचं, ओल लागली तर थांबायचं. नळाच्या पाण्याने पानांवर पांढरे डाग पडत असतील तर गाळलेलं पाणी वापरा. आणि काच दिवसभर धुरकट राहत असेल तर हवा खेळत नाहीये, झाकणाची जाळी थोडी मोकळी करा.

आर्द्रता मोजायला आर्द्रतामापक घ्या, दोन घ्या, एक गरम टोकाला आणि एक थंड टोकाला. झाडं लावल्यावर आकडा वाढतो, जुना अंदाज चालत नाही.

सापाची विष्ठा झाडाला खत म्हणून पुरेल? साफसफाई करावी लागणार नाही ना?

करावी लागते. पिलबग आणि स्प्रिंगटेल (मातीतले आणखी बारीक जीव) सोडलेत तर ते पडलेली कात, बुरशी, विष्ठेचे अवशेष फस्त करतात आणि त्यातला नायट्रोजन झाडांपर्यंत पोहोचतो, हे खरं. पण मोठ्या सापाची विष्ठा आणि युरेटचा, म्हणजे सापाच्या घट्ट लघवीचा, तो पांढरा खडूसारखा गोळा त्यांच्या आवाक्याबाहेरचा असतो. मोठा भाग उचलायचाच. नाहीतर माती आंबते, अमोनियाचा वास येतो आणि झाडांची टोकं करपतात. वेगळं खत घालायची गरज मला आजवर पडलेली नाही.

मातीवर पांढरी बुरशी आली, बारीक चिलटं उडतायत.

नव्या पेटीत पहिले काही आठवडे हे होतंच. स्प्रिंगटेल वाढले की बुरशी आपोआप ओसरते. चिलटं म्हणजे पाणी जास्त झालंय. वरचा थर सुकू द्या, बाहेरच्या बाजूला पिवळे चिकट कागद लावा. पेटीच्या आत चिकट काहीही नको, सापाची कातडी त्याला चिकटली तर खवले निघतात. कीटकनाशक नको, कडुनिंबाचं तेलही नको.

नवीन आणलेला साप थेट झाडांच्या पेटीत सोडू का?

कृपा करून सोडू नका. नवा साप दोन ते तीन महिने साध्या पेटीत, कागदावर ठेवा. कागदावर विष्ठा दिसते, उलटी दिसते, काळ्या ठिपक्यांसारख्या सापगोचिड्या दिसतात. झाडं, माती, पाचोळा यांत गोचिड्यांची अंडी कुठेही दडतात, आणि त्यांना मारायचं औषध पिलबगांनाही मारतं. म्हणजे वर्षभर जोपासलेली पेटी अख्खी उपसायची वेळ येते. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीचा आजार निघाला तर आणखी कठीण, कारण त्याचे कोश नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. तशा पेटीतली माती आणि झाडं फेकून देणं एवढंच हाती उरतं. ऑपरेशन झालेला किंवा जखम असलेला सापही बरा होईपर्यंत कागदावरच.

भक्ष्यासोबत पान किंवा माती पोटात गेली तर?

एखादं पान, थोडी माती बहुतेक वेळा विष्ठेतून निघून जाते. ओल्या उंदराला माती चिकटते, म्हणून तो आधी कोरडा पुसा आणि चपट्या दगडावर किंवा ताटलीत ठेवा. साप उंदीर ओढत झाडीत नेतो, तेव्हा जेवायची जागा मोकळी ठेवा. उलटी झाली, पोट एका जागी फुगून राहिलं किंवा नेहमीच्या वेळेपलीकडे विष्ठा झाली नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे जा.

प्लॅस्टिकची झाडं लावली तर सापाचं काही बिघडतं का?

नाही. सापाला आडोसा हवा, तो कापडी पानांनीही मिळतो. आजारी सापासाठी, पिल्लांसाठी, किंवा जिथे दिव्याची सोय नाही तिथे मी स्वतः तीच वापरते. तारांची टोकं उघडी नाहीत ना, एवढं तपासा. जिवंत झाडं मातीतला ओलावा आणि नायट्रोजन वापरतात, हवा दमट ठेवतात, दर महिन्याला जागा थोडी बदलतात आणि सापाला हुंगायला काही नवं मिळतं. मला ते मोलाचं वाटतं. पण मरतुकड्या खऱ्या झाडांपेक्षा चांगली खोटी झाडं कधीही बरी.

सगळं लावून झालं. साप कधी सोडायचा?

चार ते सहा आठवड्यांनी. तोवर दिवे, उष्णता, पाणी सगळं साप आत असल्यासारखं चालू ठेवा आणि दोन्ही टोकांचे आकडे रोज बघा. मग एखादं झाड बुंध्याशी धरून हलकेच वर ओढा. ते सैल निघालं तर आणखी पंधरा दिवस थांबा. जागचं हललं नाही आणि शेंड्याला नवं पान उलगडत असेल, तर संध्याकाळी साप आत सोडा, आणि पुढचे चार-पाच दिवस पेटीत हात घालू नका.